लेकराची साखर : रक्ताची की ताटाची?



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक नऊ वर्षांची मुलगी बघता बघता वाळली. चौथीत शिकणारी, दिवसभर दोरीवरच्या उड्या मारणारी पोर. आधी सारखे पाणी मागू लागली. शाळेत तासातासाला लघवीची परवानगी मागते म्हणून बाईंनी वर्गाबाहेर उभे केले. मग अंथरूण ओले होऊ लागले. तिसऱ्या वर्षापासून कोरडी झोपणारी मुलगी, तिला भावंडे चिडवू लागली. आजीने दृष्ट काढली. शेजारणीने जंताचे निदान केले, जंताचे औषधही पाजून झाले. गल्लीतल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची बाटली लावली. आणि एका रात्री पोटात दुखून उलट्या सुरू झाल्या, श्वास भात्यासारखा खोल खोल चालू लागला, पहाटे हाक मारली तर ती ओ देईना. बापाने स्वतःच्या रिक्षातून सरकारी इस्पितळ गाठले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या तोंडाचा वास घेतला, बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त यंत्राला लावले. यंत्राने आकडाच दाखवला नाही. साखर इतकी वाढली होती की यंत्राची मोजायची हद्द संपली होती.

पाच दिवस अतिदक्षता विभागात काढून मुलगी घरी आली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मुलगी गोधडीवर बसून चित्र रंगवत होती आणि घरात खटला चालू होता. आरोपी होती तिची आई.

सासूबाई म्हणत होत्या, "आमच्या सात पिढ्यांत कुणाला साखर न्हाई. हिच्या भावाला हाय. तिकडनंच आलंय हे." नवरा म्हणत होता, "रोज चहा-खारी, रोज पाच रुपयांचं चॉकलेट. कितीदा सांगितलं, पोरीला लाडावू नको." आई गप्प. निघताना ती जिन्यापर्यंत सोडायला आली आणि खालच्या आवाजात तिने विचारले, "ताई, खरं काय ते सांगा. माझ्या रक्तातून गेलं, का माझ्या हातून गेलं?"

जिन्यात उभ्या उभ्या आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. नंतर जाणत्या डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. त्या माऊलीसारख्या आणखीही असतील, म्हणून आजचे सदर तिच्या प्रश्नासाठी.

पहिली गोष्ट अशी की, भगिनींनो, एका नावाचे हे दोन आजार आहेत. मामाला जो आहे तो चाळिशीनंतर, पोट सुटल्यावर होणारा. डॉक्टर त्याला टाइप २ म्हणतात. भाचीला झालेला टाइप १. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते, पण ती हातापायांच्या स्नायूंत शिरायला इन्सुलिन लागते. ते नसले म्हणजे घरात कणगी भरलेली आणि चूल थंड, अशी शरीराची गत होते. साखर लघवीवाटे वाहून जाते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून तहान. आणि भुकेले शरीर स्वतःची चरबी जाळू लागते, त्याची आम्ले रक्तात साठतात. उलट्या, पोटदुखी, खोल श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास हे सगळे त्या आम्लांचे.

टाइप १ मध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मरतात कशाने? शरीराचे पहारेकरी, जे एरवी जंतूंना मारतात, ते घरच्याच माणसाला चोर समजतात. हा हल्ला आजार दिसण्याच्या कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे आधी सुरू झालेला असतो. फिनलंडमध्ये जन्मापासून रक्त तपासलेल्या मुलांत त्याची खूण बऱ्याचदा वयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच सापडली आहे. म्हणजे श्रावणात दिसलेल्या दुखण्याचा दोष ज्येष्ठातल्या चॉकलेटवर टाकणाऱ्या बापाचे गणितच चुकलेले होते. साखर खाल्ल्याने टाइप १ होतो असे कुठेही सिद्ध झालेले नाही. हे आम्ही त्याला तोंडावर सांगितले. तो काही बोलला नाही, पण पुन्हा तो विषय काढल्याचेही ऐकले नाही.

आता सासूबाईंची फिर्याद.

रक्ताचा, म्हणजे जनुकांचा वाटा आहे, आणि मोठा आहे. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. सहाव्या जोडीवर काही जनुके अशी आहेत की आपला कोण आणि परका कोण, हे पहारेकऱ्यांना तीच शिकवतात. त्यांना एचएलए म्हणतात. या जनुकांचे अनेक नमुने असतात, त्यातल्या डीआर३ आणि डीआर४ या दोन नमुन्यांत टाइप १ ची जोखीम जास्त. सर्वांत जास्त जोखीम कुणाला? ज्या मुलात दोन्ही एकत्र येतात त्याला. आणि जोडीतले एक गुणसूत्र आईकडून आलेले असते, एक बापाकडून. तेव्हा माहेरकडे बोट दाखवणाऱ्याने दुसरे बोट स्वतःकडेही वळवावे. त्यातून युरोप-अमेरिकेतल्या नोंदी सांगतात की आईला टाइप १ असेल तर शंभर मुलांमागे दोघा-तिघांना होतो, आणि बापाला असेल तर सहाजणांना. हे सासूबाईंना वाचून दाखवायला हरकत नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. नव्याने टाइप १ झालेली दहा मुले घेतली तर त्यातल्या आठ-नऊ जणांच्या जवळच्या नात्यात कुणालाच तो नसतो. सात पिढ्यांचा दाखला म्हणून काहीच सिद्ध करत नाही. नमुना घरात मुकाट चालत आलेला असतो, कुणाला काही होत नाही, आणि एका लेकरात त्याचे फासे जुळतात. जोखमीची जनुके अंगात असूनही बहुतेक मुले जन्मभर धडधाकट राहतात. एकाच नाळेची जुळी भावंडे, रक्त शंभर टक्के एक, त्यातल्या एकाला टाइप १ होतो आणि दुसरे कित्येकदा वर्षानुवर्षे निरोगी असते. सगळे रक्तातच लिहिलेले असते तर असे झाले नसते.

मग बाकीचे काय? ते शोधायला शास्त्रज्ञांनी जो देश गाठला तो फिनलंड. युरोपच्या उत्तर टोकाचा थंड देश, लोकवस्ती आपल्या मुंबईपेक्षा कमी. लहान मुलांतला टाइप १ जगात सर्वांत जास्त तिथे. १९८० साली पंधरा वर्षांखालच्या एक लाख मुलांमागे दरवर्षी ३१ जणांना तो होत होता. २००५ साली हा आकडा ६४ वर गेला. पंचवीस वर्षांत दुप्पट! पंचवीस वर्षांत माणसाचे रक्त बदलत नाही. त्याच्या भोवतालचे काहीतरी बदलते.

फिनलंडच्या पूर्वेला सरहद्द ओलांडली की रशियाचा कॅरेलिया प्रांत लागतो. दोन्हीकडच्या लोकांच्या एचएलए नमुन्यांत फारसा फरक नाही. हवा तीच, जंगल तेच, सूर्य तितकाच. पण कॅरेलियातल्या मुलांत टाइप १ फिनलंडच्या एक षष्ठांश, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. एकाच पोत्यातले बियाणे, मधे फक्त बांध, आणि पीक सहापटीने वेगळे. कॅरेलिया गरीब. तिथल्या मुलांना लहानपणी जंतूंचा संसर्ग जास्त. लहानपणी जंतूंशी झुंजलेले पहारेकरी शहाणे होतात आणि फार स्वच्छ घरातले रिकामटेकडे पहारेकरी घरच्यांवर उठतात, असा एक तर्क आहे. तर्कच आहे, म्हणून आपल्या वस्तीतली तुंबलेली गटारे कुणी आरोग्यदायी समजू नयेत. अतिसाराने आणि काविळीने मेलेली लेकरे आपण पाहिली आहेत.

अन्नाचा शोध मात्र फार बारकाईने झाला, आणि इथे आम्हाला शास्त्रज्ञांचे कौतुक वाटते ते त्यांच्या प्रामाणिकपणाचे. पहिला संशय आला गाईच्या दुधावर. फिनलंडचे लोक दूध भरपूर पितात. बाळाला अंगावरचे दूध लवकर तोडून गाईच्या दुधाची पावडर दिली तर त्यातल्या परक्या प्रथिनांवर पहारेकरी चवताळतात आणि पुढे चुकून स्वादुपिंडावर जातात, अशी शंका होती. शंका पटण्यासारखी होती. म्हणून २००२ ते २००७ या काळात पंधरा देशांतली २,१५९ बाळे निवडली. सगळ्यांच्या घरात आई, बाप किंवा भावंडाला टाइप १, आणि बाळाची जनुकेही जोखमीची. निम्म्यांना वरचे दूध लागले तेव्हा प्रथिने बारीक तोडलेली पावडर दिली, निम्म्यांना साधी. मग दहा-बारा वर्षे वाट पाहिली. निकाल २०१८ साली आला. पहिल्या गटात शंभरात ८.४ मुलांना टाइप १ झाला, दुसऱ्या गटात ७.६. म्हणजे काहीच फरक नाही. एवढा खर्च, एवढी वर्षे, आणि शेवटी मोकळ्या मनाने सांगितले की आमचा संशय खोटा ठरला. आपल्याकडे एखादा वैदू असे कधी सांगेल का?

दुसरा धागा ड जीवनसत्त्वाचा. उत्तर फिनलंडमध्ये हिवाळ्यात सूर्य जेमतेम दिसतो आणि अंगावर ऊन पडले तरच शरीर हे जीवनसत्त्व बनवते. १९६६ साली तिथे जन्मलेल्या दहा हजारांवर मुलांची पुढे तीस वर्षे नोंद ठेवली. पहिल्या वर्षात ज्यांना ड जीवनसत्त्वाचे थेंब ठरल्याप्रमाणे रोज मिळाले त्यांच्यात टाइप १ बराच कमी, आणि ज्यांना मुडदूस असल्याचा संशय होता त्यांच्यात सुमारे तिप्पट निघाला. २००१ साली हे छापून आले तेव्हा कोडे सुटल्यासारखेच वाटले. पण कॅरेलियातल्या मुलांचे रक्त तपासले तर त्यांच्यातले ड जीवनसत्त्व फिनलंडच्या मुलांपेक्षा काही वेगळे नव्हते. कोडे पुन्हा अर्धे राहिले.

ते अर्धे थोडे पुढे सरकले एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे नाव टेडी. २००४ ते २०१० दरम्यान अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडन या चार देशांत चार लाखांहून जास्त नवजात बाळांचे रक्त तपासून जोखमीची जनुके असलेली ८,६७६ बाळे निवडली. ती काय खातात, त्यांना कधी ताप येतो, सगळे लिहून ठेवले. २०१८ साली त्यातून असे दिसले की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व पुरेसे होते त्यांच्यात पहारेकऱ्यांचा हल्ला कमी वेळा सुरू झाला. पण हा फायदा सर्वांना सारखा नव्हता. ड जीवनसत्त्वाचा निरोप पेशीपर्यंत पोचवणारे एक जनुक आहे, त्याच्या नमुन्याप्रमाणे फायदा कमी-जास्त होत होता. त्या माऊलीने विचारले होते, रक्ताची की हाताची. खरे उत्तर इथे आहे. तोच घास एका लेकराच्या अंगी एक काम करतो, दुसऱ्याच्या अंगी दुसरे, आणि आपल्या लेकराचा नमुना कोणता हे वाढणाऱ्या आईला दिसत नसते.

अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या अभ्यासात २००३ साली आणखी एक गोष्ट आढळली. जोखमीच्या बाळांना चौथ्या महिन्याआधी धान्याचे वरचे अन्न दिले तर जोखीम वाढलेली, आणि सातव्या महिन्यापर्यंत दिलेच नाही तरी वाढलेली. अंगावरचे दूध चालू असतानाच धान्य सुरू केले तर कमी. मात्र जर्मनीत जोखमीच्या बाळांना गव्हातले चिकट प्रथिन वर्षभर लांबवून पाहिले, त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा सहा महिने फक्त अंगावरचे दूध, मग ते चालू ठेवून मऊ भात, नाचणीची पेज, वरण, हा आपला जुना शिरस्ता मोडायचे कुणाला कारण नाही. टाइप १ हमखास टाळणारे अन्न आजवर सापडलेले नाही. ज्या आईच्या मुलाला तो झाला तिने काही चुकीचे भरवले, असे म्हणायला जगात कुणाकडेही पुरावा नाही. हे वाक्य आम्ही तिला दोनदा वाचून दाखवले.

आपल्याकडचे काय? पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही संस्था आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी २०२० साली दाखवले की युरोपात सापडलेली जनुकांची यादी आपल्या मुलांतही टाइप १ ओळखायला कामी येते, पण तितकी अचूक नाही. आपले नमुने थोडे वेगळे आहेत. आणि इंटरनॅशनल डायबेटिस फेडरेशनच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे भारतात टाइप १ असलेली वीस वर्षांखालची मुले-मुली दोन लाखांवर आहेत. ती श्रीमंतांचीच आहेत असे कुणी समजू नये.

इथवर लिहिले आणि त्या घरातून निरोप आला. बापाला कुणीतरी एसटी स्टँडवरच्या माणसाचे चूर्ण दिले होते. "पंधरा दिवसांत सुया बंद" असा शब्द. आणि गोड बंद, भात बंद, नुसती कारल्याची भाजी. बापाचे काळीज आम्हाला कळते. रोज चार वेळा पोटच्या पोरीला सुई टोचायची कुणाला हौस असते? त्याने दोन दिवस इन्सुलिन थांबवले आणि पोर पुन्हा उलट्या करू लागली. या वेळी आईने कुणाला विचारले नाही. मुलीला उचलले आणि इस्पितळ गाठले.

कारल्याने आणि उपासाने टाइप १ आवरता आला असता तर १९२२ च्या आधी मुले मेली नसती. त्या काळी अमेरिकेत ॲलन नावाचे नामांकित डॉक्टर मुलांना मोजून मापून उपाशी ठेवत. मुले हाडांचा सापळा होत, वर्ष-दोन वर्षे जास्त जगत, आणि जात. उपचार म्हणून तेवढेच हाती होते. १९२१ साली कॅनडातल्या टोरोंटो शहरात बँटिंग आणि बेस्ट या दोघांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढून दाखवले. ११ जानेवारी १९२२ रोजी ते लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला टोचले. पहिला अर्क अशुद्ध होता, काम झाले नाही. कॉलिप यांनी तो शुद्ध केला, बारा दिवसांनी पुन्हा टोचला आणि मरणाच्या दारातले पोर उठून बसले. ते पुढे तेरा वर्षे जगले. शोधाचे हक्क या मंडळींनी विद्यापीठाला फक्त एकेक डॉलरला दिले. औषध सर्वांना मिळावे म्हणून. आज त्याच औषधाच्या किमतीने घरे खंगतात हा भाग निराळा. सरकारी इस्पितळातल्या मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात मोफत इन्सुलिनची चौकशी करावी, समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. लाजू नये, तो आपला हक्क आहे.

मामाच्या आजाराकडेही वळले पाहिजे, कारण तो आता मामांपुरता राहिलेला नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुला-मुलींतही टाइप २ दिसू लागला आहे, आणि त्यात ताटाचा वाटा उघड आहे. पण इथेही ते ताट मुलाच्या पुढ्यातले आधी नसते. आईच्या पुढ्यातले असते.

१९९३ साली केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळची सहा खेडी घेतली. शेतात राबणाऱ्या बाया, वजन सरासरी बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची बाळे साडेतीन किलोची. आपले बाळ बारीक, हे तर दिसतच होते. पण चिमट्याने कातडीची घडी मोजली तेव्हा कळले की बाळाचा स्नायू कमी आहे, पोटातले अवयव लहान आहेत, चरबी मात्र जवळपास तितकीच टिकून आहे. बारीक दिसणारे, पण आतून चरबीचे बाळ. मोठेपणीही तेच. २००४ साली याज्ञिकांनी स्वतःचा आणि इंग्रज स्नेही डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय साप्ताहिकात छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचे अगदी सारखे. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. तेव्हा "आमचा पोरगा तर काडी आहे, त्याला कसली साखर" असे म्हणून निश्चिंत राहायचे दिवस गेले.

त्या खेड्यांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गरोदर बाया हिरव्या पालेभाज्या, फळे, दूध जास्त वेळा खात त्यांची बाळे अंगाने चांगली निघाली. नुसत्या पोटभर भाकरीने ते साधत नव्हते. आणि निम्म्याहून जास्त बायांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. २००८ साली असे प्रसिद्ध झाले की ज्यांच्यात ब-१२ कमी आणि फॉलिक ॲसिड मात्र भरपूर होते, त्यांच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करीनासे झाले होते. ही दोन्ही जीवनसत्त्वे मिळून जनुकांवरची बटणे चालू-बंद करतात. जनुक तेच राहते, बटण कुठे राहिले त्यावर शरीराची घडण ठरते. म्हणून २०१२ साली त्याच मुलांना, ती किशोरवयात आल्यावर, ब-१२ देऊन पुढच्या पिढीचे काय होते हे पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या फॉलिकच्या गोळ्या मात्र कुणी बंद करू नयेत, त्या बाळाच्या मणक्यासाठी लागतात. सोबत ब-१२ चे विचारावे, एवढेच.

ब-१२ मिळते कशातून? दूध, दही, अंडी, मासे, मटण, कलेजी. भाजीपाल्यात ते नाही. आता आपल्या घरांत सुकट आहे, बोंबील आहे, अंडी आहेत. पण रविवारी मटण शिजते तेव्हा फोडी कुणाच्या ताटात जातात? आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली. रांधणारीच्या वाट्याला रस्सा, कधी तोही पातळ केलेला. गरोदर सुनेलाही तोच नियम. आणि शिकलेल्या मुली हल्ली सुकटीचा डबा न्यायला लाजतात. वास येतो, मैत्रिणी नाक मुरडतात. त्यापेक्षा पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट बरे वाटते. आम्हाला या लाजेचा राग येतो. मुठीएवढ्या सुकटीत जे आहे ते त्या पाकिटात नाही, आणि पाकिटात जे आहे, म्हणजे तेल, मीठ, ते आपल्या बारीक अंगाच्या आतल्या चरबीला पोसणारे आहे. थंड पेयाच्या बाटल्यांचेही तेच.

आणखी एक खूण. वयात येणाऱ्या मुला-मुलीच्या मानेवर, काखेत मखमलीसारखा काळपट जाडसर पट्टा दिसू लागला तर आया मळ समजून दगडाने घासतात. तो मळ नसतो. इन्सुलिन अंगात जुमानले जात नसल्याची ती खूण असते. घासू नका, रक्त तपासून घ्या.

त्या मुलीकडे परत येऊ. घरात फ्रीज नाही, इन्सुलिन ठेवायचे कुठे, हा पहिला प्रश्न होता. इस्पितळातल्या परिचारिकेने युक्ती सांगितली. मोठ्या मातीच्या माठात ओली वाळू, त्यात लहान मडके, आणि त्या कोरड्या मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत औषधाच्या बाटल्या. वाळू रोज ओली करायची. हे काम आजीने स्वतःहून घेतले आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांना बाप चिठ्ठी घेऊन भेटला. मुलीला लघवीला आणि डबा खायला कधीही उठू देण्याचे ठरले. घाम सुटला, हात थरथरले, अचानक चिडचिड किंवा गुंगी आली तर साखर उतरली असे समजून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजायची, हे वर्गशिक्षिकेने वहीत लिहून घेतले. मूल गुंगीत गिळत नसेल तर तोंडात काही ओतायचे नाही, थेट इस्पितळ. आजीला हे पटायला सर्वांत जास्त वेळ लागला. "शुगरवाल्या पोरीला साखर?" असे ती आठवडाभर विचारत होती. जेवण मात्र मुलीला निराळे नाही. भाकरी, डाळ, भाजी, अंडे, सगळ्यांचे तेच तिचे. फक्त किती खाल्ले त्याप्रमाणे सुईचे माप ठरते.

मागच्या रविवारी आम्ही गेलो तर आजी दारात माठात पाणी घालत होती. आम्हाला बघून म्हणाली, "पोरीचं लग्न कसं व्हायचं हो? हिच्या लेकरांना लागलं तर?" आम्ही सांगितले की शंभरातल्या सत्त्याण्णव जणांना नाही लागत. तिने बोटे मोजल्यासारखे केले. आत मुलगी स्वतःच बोटाला सुई टोचून यंत्राकडे बघत होती. "एकशे बेचाळीस," ती ओरडली, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "वहीत लिही आधी."